‘इतर’मध्ये टाका

९ एप्रिल

आज पाच बायकांना मी ‘इतर’मध्ये टाकलं. घरी येऊन स्वतःचाच इतका राग आला की कपाटातली ही कोरी वही काढली. ऑफिसच्या फॉर्ममध्ये शेऱ्याला चाळीस अक्षरं मिळतात. इथं कुणी अक्षरं मोजायला नाही.

काम म्हटलं तर साधं. नवी लस घेतल्यावर काही त्रास झाला तर लोकांनी फोन करायचा, बारा खुर्च्यांवरच्या आम्ही बारा जणींनी उचलायचा आणि पडद्यावर टिचकी मारायची. ताप, अंगदुखी, हाताला सूज, पुरळ, चक्कर. सहावा रकाना इतर. तिथं आम्हाला नावं नाहीत, खुर्चीचे नंबर आहेत. मी तीन नंबर. फोन चार मिनिटांत संपला पाहिजे, नाही संपला तर सुपरवायझर मागे येऊन टेबलावर पेन वाजवतो. आम्ही त्याला स्टॉपवॉच म्हणतो. त्याला ते कळलंय आणि वर तो खूश आहे.

तर आजच्या पाच. एकीची पाळी बारा दिवस लांबली, एकीची महिन्यात दोनदा आली, एक म्हणाली नळ सोडल्यासारखं जातंय. ‘इतर’साठी वाचायचं वाक्य आमच्यासमोर चिकटवलेलं आहे, ‘काळजी करू नका, ताण घेऊ नका, भरपूर पाणी प्या.’ मी पाचही जणींना ते वाचून दाखवलं. पाचवीनं विचारलं, “ताई, खरं सांगा, तुम्हाला झालंय का असं?”

झालंय. वीस मार्चला लस घेतली, पाळी नऊ दिवस लांबली आणि आली ती अशी की ऑफिसच्या खुर्चीवरून उठायची भीती वाटते.

मी म्हटलं, “वैयक्तिक माहिती देता येत नाही.”

१० एप्रिल

सात नंबरला विचारलं, ‘इतर’चं पुढे काय होतं गं? ती सगळ्यात जुनी, शिवाय दर शुक्रवारी वर जाणारा अहवाल तीच तयार करते. म्हणाली, “होतंय काय! वर पाच रकाने जातात. ‘इतर’चा नुसता आकडा जातो, तो पण शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.”

म्हणजे आम्ही सगळ्या जणी मिळून शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात!

१२ एप्रिल

बुधवारी आमच्याकडे एक डॉक्टर येतात, आम्हाला मार्गदर्शन करायला. चहा पितात, अंगठीशी चाळा करतात आणि जातात. आज मी धीर करून उभी राहिले. म्हटलं, “डॉक्टर, पाळीच्या तक्रारी खूप येतायत.”

ते हसले. “लस दंडात देतात. गर्भाशय कुठं, दंड कुठं!”

“मग ताप काय नुसता दंडालाच येतो का?” माझ्या तोंडून निघून गेलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि तिथंच माझं बिघडलं. डॉक्टरांचा चेहरा आवळला. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुमची पण तक्रार दिसतेय. टेन्शन घेताय तुम्ही. घरी सासू आहे का?”

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, “आहे. आणि तुमच्यापेक्षा बरं ऐकते.”

स्टॉपवॉचनं नंतर बोलावून समज दिली. भाषा सांभाळा म्हणे. माझी भाषा दिसली त्याला, डॉक्टरांची नाही दिसली.

१४ एप्रिल

सासूबाईंना काल सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “सासू आहे का म्हणाला? मला न्यायचं होतंस की, मीच दिलं असतं उत्तर.”

आमचं दोघींचं बरं जमतं. त्या बत्तीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसल्या, हिचा प्लग तिच्यात, त्याचा याच्यात. आता निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी फोन ठेवताना ‘बरं’ म्हणायच्या ऐवजी ‘लाइन मोकळी करते’ म्हणतात. समोर बसून गप्पा मारत असल्या तरी उठताना तेच. आमचे चिरंजीव, म्हणजे त्यांचे चिरंजीव, माझा नवरा, यावरून त्यांना चिडवतो.

मी भांडी पुसता पुसता आजच्या बायकांचं सांगत होते. मधेच त्यांनी विचारलं, “माझ्या वयाच्या पण करतात का गं फोन?”

“तुमच्या वयाच्यांना कसली आलीय पाळी!” मी म्हटलं. “सुटलात हो तुम्ही. मजा आहे तुमची.”

“हो, ते पण खरंच,” म्हणाल्या. “बरं, लाइन मोकळी करते.” आणि झोपायला गेल्या. आम्ही दोघींनी एकाच दिवशी, एकाच रांगेत लस घेतली. त्यांना साधा तापसुद्धा आला नाही. निबर हाड आहे त्यांचं.

२० एप्रिल

पॅडचं नवं पाकीट रविवारी आणलं होतं. आज बघते तर दोनच उरलेले. माझं अजून थांबलेलं नाही, आणि मी मोजूनही ठेवत नाही, पण इतके कधी लागले नव्हते. म्हणजे माझं प्रमाण दुपटीनं वाढलंय. हे मी लिहून ठेवतेय, कारण पुढच्या बुधवारी त्या डॉक्टरांच्या नाकासमोर धरायचंय. टेन्शननं पॅड संपतात का, विचारणार आहे.

सासूबाईंनी चादरी धुवायचा सपाटा लावलाय. सकाळी मी उठायच्या आत दोरीवर चादर. गडद निळी मागून घेतली माझ्याकडून. म्हटलं, मशीनला लावते ना मी. तर म्हणाल्या, हाताला व्यायाम होतो.

२२ एप्रिल

आज मी एक काम केलं आणि मला त्याचा अभिमान आहे.

ते ‘पाणी प्या’ वाचून वाचून तोंड आंबलं होतं. सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसून सापडेल ते वाचलं. लसीनंतर काही जणींची पाळी थोडे दिवस पुढे-मागे होते, अंगावरून जास्त जातं, आणि बहुतेकींचं एक-दोन महिन्यांत पूर्ववत होतं, असं चक्क लिहिलेलं आहे. म्हणजे लपवण्यासारखं काही नाही, घाबरण्यासारखंही नाही, आणि तरी आम्हाला सांगायला कुणाची जीभ रेटली नाही!

घरी बसून चिठ्ठी केली. ‘लसीनंतर पाळीत फरक पडू शकतो. एक-दोन महिन्यांत ती जागेवर येते. हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. घाबरू नका.’ बारा प्रती काढल्या आणि सकाळी बाराही खुर्च्यांपुढे, त्या पाण्याच्या वाक्यावर चिकटवल्या. सात नंबर म्हणाली, “तू मार खाणार आहेस.” पण चिकटवू दिली. आणि दिवसभर वाचली, ते पण आवाज चढवून.

एका फोनवरची मुलगी ते ऐकून रडायलाच लागली. म्हणाली, तीन ठिकाणी विचारलं, तिन्ही ठिकाणी हसले. मग मला पण रडू आलं. मागे टकटक. वाजव म्हटलं मेल्या, वाजव.

२९ एप्रिल

आज पाऊण तास स्टॉपवॉचच्या केबिनमध्ये भांडले. अकराला आत गेले ते पावणेबाराला बाहेर आले. आठ मिनिटं उभी होते, मग स्वतःच खुर्ची ओढून बसले.

मागणी एकच. पाळीचा वेगळा रकाना द्या. सात नंबरनं गुपचूप आकडा काढून दिला होता, एका महिन्यात ‘इतर’मध्ये दोनशे चौदा नोंदी, त्यातल्या एकशे त्र्याऐंशी पाळीच्या. पुरळ किती? एकोणीस. पुरळाला रकाना आहे!

तो म्हणाला, “लोक घाबरतील. लस घ्यायचे बंद होतील.”

“लोक खोटं पकडल्यावर घाबरतात,” मी म्हटलं. “आम्ही हसून वाटेला लावलेली बाई शेजारणीला काय सांगेल? लस घे म्हणेल?”

“आणि हे असलं... म्हणजे अहवालात हा शब्द... वर सगळे पुरुष आहेत हो.”

“त्यांना आया नाहीत का?”

मग म्हणाला, लेखी द्या, बघतो. लेखी माझ्या हातातच होतं, टेबलावर आपटलं. बाहेर आले तर अकरा जणी माना वळवून बघत होत्या. सात नंबरनं खूण केली, झकास!

घरी येऊन सासूबाईंना शब्दन् शब्द करून दाखवलं, त्याच्या आवाजासकट. त्यांनी विचारलं, “अकरा ते पावणेबारा आत होतीस?” म्हटलं, हो ना, तुम्हाला बघायला मिळायला हवं होतं. त्या म्हणाल्या, “चांगलं केलंस. त्या बायकांना कुणीतरी हवंच होतं.” मग कंबर धरून उठल्या. चेहरा ओढलेला वाटला. उकाड्यानं असेल.

८ मे

माझी पाळी वेळेवर आली. दिवसाचाही फरक नाही, आणि जातंयही नेहमीएवढंच. म्हणजे चिठ्ठीत लिहिलं ते खरं निघालं.

पण पॅडचं पाकीट तरीही संपलं. पहिल्याच दिवशी. नवऱ्याला येताना आणायला सांगितलं तर म्हणाला, “परत? दुकान काढतेयस का?” मी एवढी भडकले की तो ताट सोडून गॅलरीत जाऊन उभा राहिला. सासूबाई मधे पडल्या नाहीत. एरवी पडतात. मान खाली घालून जेवत होत्या, आणि जेवत तरी कुठं होत्या, घास चिवडत होत्या.

१५ मे

मिळाला! रकाना मिळाला!

स्टॉपवॉच स्वतः खुर्चीपाशी आला. वरून मंजुरी आली म्हणे, सोमवारपासून सातवा रकाना, ‘मासिक पाळीतील बदल’. आणि जणू त्याचीच कल्पना असल्यासारखं सगळ्यांना समजावून सांगत होता. सांगू दे. आता जुन्या ‘इतर’मधल्या नोंदी एकेक उघडून नव्या रकान्यात हलवायच्या, ते काम माझ्याकडे. ज्यात शेरा अर्धवट असेल तिथं रेकॉर्डिंग ऐकायचं. उद्यापासून दोन दिवस मला फोन नाहीत, चार मिनिटं नाहीत. राणी आहे मी.

१६ मे

लिहिता येत नाहीये. तरी लिहिते.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत नव्वद नोंदी हलवल्या. एक्याण्णवावी अशी होती, ‘२९ एप्रिल, ११.२०. स्त्री, ६१. पाळी गेल्यावर परत रक्तस्रा’. चाळीस अक्षरं तिथं संपली. खुर्ची नंबर सात. शेरा अर्धवट म्हणून रेकॉर्डिंग लावलं.

“हॅलो. तीन नंबरला जोडता का?”

पहिल्या शब्दालाच मला कळलं. तो बोर्डावरचा आवाज, स्वच्छ, कुणाचाच नसल्यासारखा. घरी थट्टेत काढतात तो.

सात नंबर म्हणाली, “तीन नंबर आत्ता जागेवर नाहीत. मला सांगा ना आजी.”

“कधी येतील?”

“काही सांगता येत नाही. मीटिंगमध्ये आहेत.”

मग म्हणाल्या, “वय एकसष्ट. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली. लस घेतल्यावर आठवड्याभरात परत सुरू झालं, ते थांबतच नाही. कुणाला विचारायचं कळेना.”

आणि मग सात नंबरनं माझी चिठ्ठी वाचली. माझी. शब्दन् शब्द, आवाज चढवून. लसीनंतर पाळीत फरक पडू शकतो. एक-दोन महिन्यांत ती जागेवर येते. हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. घाबरू नका.

“म्हणजे काळजीचं काही नाही?”

“अजिबात नाही आजी.”

“बरं. लाइन मोकळी करते.”

दोन मिनिटं दहा सेकंद. वेळेत.

पर्स उचलली आणि निघाले. स्टॉपवॉच मागून ओरडत होता, रजेचा अर्ज, रजेचा अर्ज.

१६ मे, नंतर

त्या बाल्कनीत होत्या, निळी चादर दोरीवर टाकत. मी विचारलं, “आई, मला का नाही सांगितलं?”

त्यांनी आधी चादरीला चिमटे लावले. दोन्ही. मग म्हणाल्या, “सांगायलाच तर फोन केला होता. घरात कसं सांगू? पोरगा घरात. आणि तू आल्यापासून त्या बायकांचंच सांगतेस, मधे माझं कुठं घुसवू? एकदा विचारलं, तर सुटलात म्हणालीस. मला वाटलं, खरंच मी सुटले असेन, हे काहीतरी वेगळंच असेल.”

“आणि पॅड?”

“तुझेच घेत होते. दुकानात या वयाची बाई ते मागतेय म्हटल्यावर माणूस तोंडाकडे बघतो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “पण तुमच्या बाई छान बोलल्या हो. मनाचे खेळ नाहीत म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.”

मी दोरीला धरून उभी राहिले. मला त्या क्षणी कुणालातरी झोडपायचं होतं, आणि ज्याला झोडपायचं तो माणूस मीच होते.

१८ मे

काल शहरातल्या बायकांच्या दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या माणसानं सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, “एकसष्ट? आणि पाळीची तक्रार?” मी त्याच्याहून मोठ्यानं म्हटलं, “हो. लिहा.” त्यानं मुकाट्यानं लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून पेन खाली ठेवलं. “पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं असतं. लस घेतली असो, नसो. दोन महिने काय केलंत?”

सासूबाई म्हणाल्या, “हेल्पलाइनला फोन केला होता.” माझं नाव नाही घेतलं. मी सांगितलं, ती हेल्पलाइन मी आहे.

गर्भाशयाच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवलाय. नवऱ्याला दवाखान्यातूनच फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “आईला? तिला कशी पाळी?” आणि मला त्याच्यावर ओरडता सुद्धा आलं नाही. हेच मी म्हटलं होतं, भांडी पुसता पुसता.

आज ऑफिसात जाऊन बाराही चिठ्ठ्या फाडल्या, नव्या चिकटवल्या. पहिली ओळ आता अशी आहे, ‘आधी वय विचारा. पाळी गेलेली असेल तर लगेच डॉक्टरकडे पाठवा, उद्यावर टाकू नका.’ मग उरलेल्या सगळ्या नोंदी काढल्या. अशा आणखी चौघी निघाल्या. चौघींना मी स्वतः फोन केले. एक म्हणाली, “अहो, पण तुम्हीच तर सांगितलं काही नाही म्हणून.” मी म्हटलं, “चुकलं आमचं. माझं चुकलं. आजच जा.” तिनं तीन वेळा विचारलं, मी तिन्ही वेळा सांगितलं. मागे टकटक झाली. वळून स्टॉपवॉचच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि माझ्या ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यानं परत मागितलं नाही.

१ जून

रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा. अजून बाहेर पसरल्याचं दिसत नाही. गर्भाशय काढावं लागेल, मग पुढचं. लसीशी याचा काही संबंध नाही, आधीपासून वाढत असणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तशा वेळेत आलात.”

वेळेत! अठ्ठेचाळीस दिवस झाले, चौदा एप्रिलपासून मोजले तर. त्यांनी मला विचारलं त्या दिवसापासून.

७ जून

बुधवार. त्या डॉक्टरांच्या कानावर कुणीतरी घातलेलं. चहा ढवळत मला म्हणाले, “वाईट वाटलं ऐकून. पण बघा, मी सांगत होतो ना, लसीचा काही संबंध नाही म्हणून.”

जिंकले ते! चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, जिंकलो.

मी उठले नाही, आवाज पण चढवला नाही. म्हटलं, “तुम्ही म्हणालात टेन्शन, मी म्हणाले लस. बाईला तपासा असं तुम्ही म्हणाला नाहीत आणि मी पण म्हणाले नाही. तुमचं बरोबर आलं म्हणून त्यांचं दुखणं कमी झालं नाही. आणि त्या एकशे त्र्याऐंशी जणींना काही होत नव्हतं असंही ठरत नाही. आता तुमचा चहा झाला असेल तर मला फोन घ्यायचेत.”

खोलीत कुणी हसलं नाही या वेळी. सात नंबर त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलत नाही, नजर चुकवते. तिला किती वेळा सांगितलं, चिठ्ठी माझी होती, तू फक्त वाचलीस. तिला ते पटत नाही.

११ जून

ऑपरेशन उद्या सकाळी. नवरा दवाखान्यात आहे, माझी रजा उद्यापासून. दुपारी सात नंबरनं हेडफोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी. म्हणाली, “तीन नंबर मागतायत.” आणि जोडून दिला.

“तीन नंबर का?” तोच बोर्डावरचा आवाज.

“हो, बोला.”

“वय एकसष्ट,” म्हणाल्या. मग तो आवाज त्यांना धरून ठेवता आला नाही. “अगं, मला भीती वाटते गं. इथं सगळे म्हणतात घाबरू नका.”

माझ्यासमोर चिठ्ठी होती. त्यातलं काही वाचलं नाही. म्हटलं, “घाबरा, आई. मी पण घाबरलेय. सांगा मला, कशाची वाटते?”

त्यांनी सांगितलं. भुलीतून जाग नाही आली तर काय, पोराला कोण समजावेल, बत्तीस वर्षं बोर्डावर बसल्या आणि बाथरूमला जायला सुद्धा चिठ्ठी मागावी लागायची, तेव्हा केवढं सोसलं ते कुणालाच कधी सांगितलं नाही, ते पण सांगितलं. स्टॉपवॉच दोनदा येऊन मागे उभा राहिला आणि दोन्ही वेळा निघून गेला. तेवीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, “बरं, लाइन मोकळी—”

“करू नका,” मी म्हटलं. “अजून बोला.”